भाषणातला अर्जुना

...आन् मी म्हनतो, भाषनात नाव घ्यायच्या आदी मानूस जित्ता हाय का मेला, एवढं तरी इचारायचं का न्हाई? तुमीच सांगा! दिल्लीचं सायेब दरसाल भाषन करत्यात, आपला माल जगात कसा टिकनार, सरकार काय करनार... करा की! आटपाडीच्या अलीकडं आमची वाडी, चावडीफुडं पडदा लावल्याला, समदी बसलेली, आन् मदीच सायेब गरजलं, 'आटपाडी के अर्जुनाजी अपनी घोंगडी लेकर आज सारी दुनिया से टक्कर ले रहे हैं!'

टाळ्या! आन् लगीच चिडीचूप. कारन तुमास्नी सांगतो, अर्जुना मरून तीन वर्सं झाली. ह्याच खांद्यानं न्हेला त्याला!

त्याचं पोरगं धुळा माज्याच शेजारी. तोंड पांढरंफट्ट. मागं वळून आईकडं बगतोय, तर भामाबाई हसतीया!

घरी गेल्यावर तिनं ताट वाडलं, जादाचं. धुळा म्हनला, "आये, ह्ये कुनाचं?"

"तुज्या बापाचं."

"आबा गेलं गं! माती दिली मी!"

"गप रं. एवडा मोटा मानूस खोटं कशाला बोलंल?"

बाजारात लोकर घेनारा जैनुद्दीन, अर्जुनाचा जिवाचा दोस्त, त्यो बी हळूच कानाशी, "धुळा, बाप आलाय म्हनं? न्हाई, मयताला मी हुतोच रं, पर... एवडा मोटा मानूस खोटं कशाला बोलंल?"

मग एक दिस भर दुपारी धुळा मेंढरं घिऊन परत आला, तर बंद खोलीत बापाचा माग वाजतोय. खट्... खट्... दार ढकललं. कोन न्हाई. मागावर बोटभर धूळ, आन् धागा तेवडा हालतोय! वारा आसंल, म्हनला. पर तवापास्नं गडी सवताच्या घरात शिरताना खाकरून शिरायला लागला!

आन् मग आली गाडी, मागं आमी समदी. त्यातनं सरकारी हापिसातलं सायेब, मागनं फोटोवाला. "अर्जुनाजी कुठे आहेत?"

"वारलं."

"वारले? असं कसं? भाषण झालंय ना!" सायबाला घाम. मग म्हनतो, "तुम्ही मागावर बसा. पटका बांधा. फोटोत कोण ओळखतंय?"

धुळा न्हाई न्हाई म्हनत बसला वो बापाचा पटका बांदून! पाय खाली सोडलं, तर मागाखालच्या, पायानं दाबायच्या पावड्या बरूबर तळव्याला बसल्या, जशा त्याच्यासाठनंच झिजल्याल्या.

तेवड्यात भामाबाई उंबऱ्यात. थबकली. डोईवर पदर घ्येतला.

"आवं," म्हनली, "लय दिस लावलं वो. कुटं हुता?"

फोटोवाल्यानं क्यामेरा खाली घ्येतला. धुळ्यानं आमच्याकडं बगितलं... 'आये' म्हनावं, तर म्हातारी तितंच मोडंल. मान खाली घातली, अगदी बापावानी.

"दुनियेशी टक्कर घेत हुतो."

"मग? जिकला का?"

"कुटलं... वाड जेवाया."