डावे सव्वीस, उजवे चौदा

नाही, पण चाळीस पंखांत डावे सव्वीस आणि उजवे चौदा कसे काय असतील? तुम्हीच सांगा! कोंबडी म्हटली की एक डावा, एक उजवा. वीस कोंबड्या, वीस डावे, वीस उजवे, विषय संपला! मग हे सहा जास्तीचे डावे आले कुठून? आणि त्यांचे जोडीदार कोण खातंय?... हा प्रश्न माझा नाही हं, मी आपला सांगणारा माणूस. हा प्रश्न भालचंद्ररावांचा, आणि तो ते विचारत होते दिल्लीतल्या द्वारकेत, रविवारी सकाळी साडेनऊला, चिकनवाल्याच्या ठोकळ्यावर चाळीस पंख जोडीजोडीने मांडून, आणि मागे सात गिऱ्हाइकं ताटकळत उभी!

"भाईसाहब, ये बराबर नहीं है. दायां किधर गया?"

चिकनवाला बिचारा सुरा हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "अंकल जी, मुर्गी के पंख हैं, चप्पल की जोड़ी थोड़ी है! जो हाथ में आया, डाल दिया."

आता यावर तुम्ही-आम्ही हसलो असतो. भालचंद्रराव नाही हसले. त्यांनी मान हलवली, आणि तीस वर्षं सरकारी दक्षता विभागात जे वाक्य म्हटलं तेच म्हटलं... "कुठेतरी पाणी मुरतंय!"

तुम्हाला सांगतो, या माणसाचा जन्मच संशयात गेला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हा शेजारच्यांनी दिवाळीला लाडू दिले, तर हे विचारायचे, पाचच का? रिटायर होऊन द्वारकेच्या सोसायटीत आले, लिफ्ट पहिल्याच दिवशी पटकन आली, तर हे जिन्याने गेले! सातवा मजला! लिफ्ट इतकी लवकर येतेच कशी? कुठेतरी पाणी मुरतंय!

बरं, पंखच का? तर शनिवारी त्यांची मुलगी, अनुष्का, एकुलती एक, गुडगावला आयटीत, ती समोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, उद्या सुयश येतोय. त्याची आईपण. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. टेरेसवर बार्बेक्यू करू, कॅज्युअल, ओके? कांदेपोहे वगैरे ड्रामा नको."

"गाझियाबादहून माणसं येणार, मुलगी मागायला, आणि खाणार काय, तर कोंबडीचे पंख? तंगडी का नको?"

"कारण सुयश विंग्ज मस्त ग्रिल करतो."

"हो, पण तंगडी का नको? कुठेतरी पाणी मुरतंय, अनुष्का!"

आता पोरगी दिल्लीत वाढलेली. तिने विचारलं, "मुरतंय म्हणजे मॅरिनेट होतंय ना?"

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, यार, मागच्या वेळी त्या मुलाला तुम्ही तीन पानी प्रश्नावली दिली होती. तो परत आला नाही. या वेळी नको ना. मला हा खरंच आवडतो. प्लीज." आणि डोळ्यांत पाणी हो! ते बघून हा दक्षता विभागवाला लोण्यासारखा विरघळला. म्हणाला, "बरं. उद्या मी मुलाला एक प्रश्न विचारणार नाही. शब्द."

शब्द दिला खरा, पण संशय जाणार कुठे? पोटात कळ असली की माणूस कुठेतरी हात दाबतोच. मुलाला विचारायचं नाही ना? मग कोंबडीला विचारू! म्हणून हे सकाळी स्वतः पिशवी घेऊन दुकानात. "कब काटा? कहाँ से आया? ये काला दाग क्या है?" पंखाची टोकं तो चिकनवाला कापून टाकायला लागला, तर, "रुको! ये क्यों निकाल रहे हो?" "अंकल, ये जल जाता है, इसमें कुछ नहीं होता." "कुछ नहीं होता तो तुम क्यों रख रहे हो?" शेवटी टोकांसकट सगळे पंख घेऊन विजयी मुद्रेने घरी!

घरी सुयशचा निरोप येऊन पडलेला. 'काका, विंग्ज धुऊन कागदाने एकदम कोरडे करा. मग मीठ आणि थोडी बेकिंग पावडर लावून फ्रिजमध्ये उघडेच ठेवा. कातडी कुरकुरीत होते.' बेकिंग पावडर! कोंबडीला! मग केकला काय लावतो हा, लसूण? आणि आलं नको, हळद नको, दही नको, म्हणजे नक्की लपवायचंय काय? पण शब्द दिलेला. बसले पुसायला. एक पंख टिपला, कागद ओला. दुसरा टिपला, ओला. दहावा टिपला, ओलाच! ओरडले, "नीला! अगं नीला, इकडे ये! त्या चिकनवाल्याने कोंबडीत पाणी भरलंय! मी म्हणत नव्हतो? बघ, प्रत्यक्ष पाणी मुरलंय!"

नीलाताई, म्हणजे त्यांची बायको, जपमाळ ओढावी तशी शांतपणे भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या, "अहो, आत्ता नळाखाली तुम्हीच धुतलेत ना?"

...

चला, संध्याकाळचे पाच. टेरेस. सुयश आला, उंच, हसरा, आल्या आल्या वाकून नमस्कार, लगेच बाह्या सरसावून कोळसे पेटवायला लागला. इतका चांगला! भालचंद्ररावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. इतका चांगला मुलगा आतापर्यंत मोकळा कसा राहिला? विचारायचं नाही, विचारायचं नाही... घामच फुटला हो त्यांना!

आणि त्याच्या मागून आल्या मीनाक्षीताई. सुयशची आई. पांढरी साडी, निळा काठ, गळ्यात साखळीला चष्मा. गाझियाबादच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि परीक्षेत कॉप्या पकडायला जे पथक यायचं ना, त्याच्या त्या प्रमुख! पोरांच्या मोज्यातून, डब्यातून, एकदा तर प्लॅस्टरच्या पायातून कॉपी काढलेली बाई! खुर्चीवर बसल्याच नाहीत. सरळ पंखांच्या ताटापाशी. चष्मा चढवला.

"चिकन कुठून आणलंत?"

"मार्केटमधून."

"समोर कापलं?"

"समोर."

"मध्ये पाठ नव्हती ना केली त्याने तुमच्याकडे?"

भालचंद्रराव चपापले. तीस वर्षांत त्यांनी लोकांना विचारलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं! पाठ... केली होती का? सुरा धुवायला वळला होता एकदा! मीनाक्षीताईंनी चिमट्याने एक पंख उलटा केला, दुसरा केला, तिसरा केला, आणि भुवया वर गेल्या. "अहो, हे बहुतेक डावेच कसे?"

तुम्हाला सांगतो, भालचंद्ररावांच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा! बायकोला दिसलं नाही, मुलीला दिसलं नाही, मागच्या सात गिऱ्हाइकांना दिसलं नाही. ते हळूच म्हणाले, "सव्वीस." आणि मीनाक्षीताई म्हणाल्या, "कुठेतरी पाणी मुरतंय!"

बस! पुढचं काय सांगू? सुयशने पंख छान सोनेरी भाजले, टोकं तेवढी जळली. ताटात काढणार, इतक्यात दोघं एकदम, "थांब!" भालचंद्ररावांनी सांध्यावर एक कापून बघितला. "हाडाजवळ गुलाबी आहे!" सुयश म्हणाला, "काका, हाडाजवळ तसं दिसतं, आत शिजलंय." मीनाक्षीताई म्हणाल्या, "प्रत्येक कॉपीवाला हेच म्हणतो. परत ठेव." परत ठेवले. दहा मिनिटांनी पुन्हा कापून तपासणी. परत ठेवले. वास बदलला, धूर काळा झाला, खालच्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "कुछ जल रहा है क्या?" हे दोघं खाली वाकून म्हणाले, "जी नहीं, पक रहा है!" सुयशने चिमटा खाली ठेवला. अनुष्काने कपाळावर हात मारला आणि पिझ्झा मागवला.

तर तिकडे ती दोघं आणि नीलाताई पिझ्झा खातायत, आणि इकडे शेगडीपाशी हे दोघे, हातात कोळसा झालेले पंख. कुरुम कुरुम! "आता खात्री आहे," म्हणे! मग भालचंद्ररावांना राहवेना. मुलाला विचारणार नाही असा शब्द होता, त्याच्या आईला विचारणार नाही असा थोडाच होता?

"ताई, स्पष्ट सांगतो. दोन महिने फोटो बघतोय, फोनवर बोलणं ऐकतोय, आज प्रत्यक्ष पाहिला. तुमच्या मुलात एकही दोष सापडत नाही. मला झोप नाही हो. एकुलती एक पोर आहे माझी."

मीनाक्षीताईंनी पंख खाली ठेवला. "माझं तेच झालंय. इतकी गुणी मुलगी, हसून बोलते, वेळेवर येते. आमच्याकडेच का येतेय? माझाही एकुलताच आहे."

खाली मेट्रो गेली. मग मीनाक्षीताई आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "तो घोरतो."

"काय?"

"घोरतो. भिंती हलतात. शेजारच्यांनी पत्र दिलंय एकदा."

काय सांगू तुम्हाला, भालचंद्ररावांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू पोरीला सोन्याचं ताट मिळालं! "बरं झालं हो सांगितलंत! किती हलकं वाटलं!" आणि लगेच उपकाराची फेड, "आमची ओला टॉवेल गादीवर टाकते. रोज. तेवीस वर्षं सांगतोय."

"खरंच?" मीनाक्षीताईंचे डोळे भरून आले. "देव पावला."

आणि तिथल्या तिथे लग्न ठरलं! अनुष्का धावत येऊन बाबांच्या गळ्यात पडली, त्यांच्या शर्टाला धुराचा वास, तिचं नाक लाल, नीलाताईंनी पदराने डोळे पुसले. सगळं गोड झालं. पण तुम्हाला वाटलं संपलं?

व्याही आणि विहीण मिळून हॉल बघायला निघाले. आठ हॉल बघितले, आठही नापास! एकाचा मॅनेजर फार हसतो, एकाचा अजिबात हसत नाही. केटररने चव बघायला दिलं तर, "आधी तुम्ही खा." शेवटी पोरांनी हात जोडले, आम्ही नोंदणीच करतो, तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा! तर परवा गेले सगळे सकाळी अकराला. हार आणले, पेढे आणले, सुयशने नवा कुर्ता घातला. क्लार्कने फॉर्म पुढे केला, म्हणाला, "अंकल जी, आंटी जी, यहाँ साइन कर दीजिए."

दोघांनी एकदम चष्मे चढवले.

पाऊण वाजला. सुयशच्या हातातला हार सुकायला लागला. क्लार्क डबा उघडून जेवायला बसला. अनुष्का उभी राहून राहून दमली, आईकडे बघून म्हणाली, "आई, किती वेळ?"

नीलाताईंनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

"बस गं. अजून दोघं पहिल्याच पानावर आहेत."