हे काय, आलंच!

...म्हणजे पाय माझे, गुडघे माझे, माझ्या पाठीवर याची बहीण, आणि हा पुढे मोकळे हात हलवत म्हणतो, ‘भावजी, हे काय, आलंच!’ तुम्हाला सांगतो, माझा मेव्हणा जन्मला तोच हे म्हणत! गाडीरस्ता संपला तिथे पहिलं ‘आलंच’, मग कोरडा ओढा, मग घसरडी चढण, मग जंगल, मग आणखी जंगल... ही वरून विचारते, ‘किती राहिलं रे?’ आणि हा? ‘ताई, हे काय, आलंच!’

आता तुम्ही म्हणाल, आजारी बायकोला घेऊन तिकडे कडमडायला सांगितलं कोणी? अहो, डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, ‘त्यांच्या मनात असेल ते करून घ्या.’ डॉक्टर इतके गोड बोलायला लागले, की समजून जायचं. आणि हिच्या मनात काय, तर डोंगरापलीकडची गरम पाण्याची कुंडं! ‘हातपाय नुसते बर्फ झालेत हो, एकदा गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचंय.’ मी गिझर दुरुस्त करणारा माणूस, म्हटलं घरीच टाकी भरून देतो... छे! जमिनीतूनच आलेलं हवं.

पोचलो एकदाचे. आणि पाणी? रटरट उकळतंय! मेव्हण्याने बोट घातलं आणि जो नाचला... ही पाठीवरूनच विचारते, ‘विसण?’

विसण! साबण आणला, टॉवेल आणला, गाऊन आणला, आणि तिघांत एकाला विसणाची आठवण नाही! होतं ते गार पाणी ‘आलंच, आलंच’ करत वाटेत पिऊन टाकलेलं. शेवटी टॉवेल काठीने बुडवला, पिळला, तिच्या पावलांना गुंडाळला. डोळे मिटून बसून राहिली. किती महिन्यांनी तिचे पाय माझ्या हाताला ऊन लागले हो.

आता ती अंथरुणातून उठत नाही. परवा मेव्हणा उशाशी बसला होता, तर त्याला विचारते, ‘किती राहिलं रे?’ आणि या गाढवाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘ताई, हे काय, आलंच.’ मग जीभ चावली, पण उपयोग काय? ...आणि ही खुदकन हसली!

तेव्हापासून रोज मीच त्याला बोलावून घेतो. म्हणतो, ये बाबा, बस तिच्याजवळ, म्हण तेवढं. तो ‘आलंच’ म्हणाला, की अजून डोंगरभर चाल शिल्लक असते... आजवर तरी असायची.