पुराच्या रेघेखालचं घर

इथं पायरीवरच बसा सर. खुर्ची काढली असती, पर बोळ एवढा अरुंद हाय की खुर्ची ठेवली तर मोटारसायकल जात न्हाई, मंग आपलं बोलणं ऱ्हायलं बाजूला, नुसती उठबस.

आमी मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या वरच्या अंगाचे. सातारा म्हणलं की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो, आमच्याकडं आभाळ यायचं आन् डोक्यावरनं पुढं निघून जायाचं. आमच्या गावात घराला कुलूप नसायचं, पाण्याच्या बॅरलला असायचं, खोटं न्हाई सांगत. टँकरचा आवाज आला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळायची. पाव्हणा आला तर त्येला अर्धा तांब्या पाणी द्यायची आन् तो पिऊन हुईस्तवर तिथंच उभी ऱ्हायची, उरलं तर परत घ्यायला. हे आठवलं की मला लाज वाटते. तिची न्हाई, माझी. कारण मी सांगलीत येऊन कमवायला लागलो तरी आईला लय वर्सं तिथंच ठेवली.

त्येचं कारणबी पाणीच. आधी मी हळदीची पोती उचलायचो, मंग ड्रायव्हिंग शिकलो, मंग स्वतःचा टेंपो केला, पर ऱ्हायला भाड्याची खोली. ही खोली, ती खोली, शहराच्या कडंकडंनं. बायको शालन शिलाईचं काम करायची, ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. एक मालक निघायचा न्हाई जो म्हणंल की आईला आणा. समदे म्हणायचे, माणसं वाढवू नका, टाकी पुरत न्हाई. मी मान हलवायचो. आईला फोनवर सांगायचो, पुढच्या साली नेतो. ती म्हणायची, बरं बाबा.

तर झालं काय, सांगलीच्या ह्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत, पूर येऊन गेला की इथली माणसं घरं सोडून विश्रामबागकडं जायला लागली, उंचावर, नव्या फ्लॅटात. त्यांचं सामान न्यायला टेंपो लागतो. मी न्यायचो. कपाटं, पलंग, देव्हारे, समदं. असंच एका काकांचं सामान न्यायला ह्या घरी आलो. रिटायर मास्तर, एकटे. खाली दोन खोल्या, वर एक माडी, आन् मागं आड. सामान भरून झाल्यावर मला म्हणले, ज्ञानदेव, हे घर कुणी घेत न्हाई रे. आन् हाताला धरून जिन्यापाशी नेलं. तिथं भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं मारलेली आडवी रेघ, माझ्या छातीएवढी. म्हणले, इथवर आलं होतं, येणाऱ्याला दाखवतो म्हणून गिऱ्हाईक पळतं, पर लपवून विकायचं मला जमणार न्हाई.

मी त्या रेघेवर हात ठेवला. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या कुणाला त्यात बुडणं दिसलं असतं, मला वाटलं, एवढं पाणी. माझ्या आईनं जन्मभर डोक्यावरनं वाहिलं ते समदं एका जागी केलं तरी एवढं भरायचं न्हाई. मी म्हणलं, काका, मी घेतो.

मेहुणा, संपत, विश्रामबागला ऱ्हातो, त्येचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तो आला तसा पेटलाच. दाजी, डोकं फिरलंय का तुमचं, लोकं तिथनं पळून येत्यात, त्यांचं सामान तुम्हीच आणताय आन् तुम्हीच तिथं जाताय? अजून खरेदीखत झालं न्हाई, विसार गेला तर जाऊ द्या. माझ्या बहिणीला पाण्यात घालू नका. मी म्हणलं, संपत, पाणी न्हाई म्हणून गाव सोडलं, पाणी पुरत न्हाई म्हणून आईला सोडलं, आता पाणी येतंय म्हणून घर सोडू? मंग मी ऱ्हावं कुठं, ते तरी सांग. तो म्हणला, तुमच्यापुढं बोलण्यात अर्थ न्हाई. खरेदी झाल्यावर रातच्याला शालन एवढंच म्हणली, आवं, मला एकदा विचारायचं तरी. मी विचारलं नव्हतं सर. हे खरं हाय.

आई आली. नळाला रोज पाणी बघून तिला झोप यायची न्हाई. घागर, कळशी, पातेली, बादल्या, जे भांडं रिकामं दिसंल ते भरायची, आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन. समोरच्या वहिनी हसायच्या. म्हणायच्या, आजी, नदी हाकेवर हाय, कशाला एवढं भरताय? आई म्हणायची, आज हाय ना, मंग आजच भरते.

आन् ह्या मागच्या पावसात कृष्णा चढली. आयर्विन पुलाखालची पातळी जो तो मोबाइलवर बघायला लागला. मला सकाळपास्नं फोन, ज्ञानू ये, ज्ञानू ये. लोकांची सामानं नेत बसलो. शालन भावजयीच्या बाळंतपणाला संपतकडं गेलेली. तिनं तिथनं फोन केला, आवं, बाकी काही ऱ्हाऊ द्या, माझी मशिन तेवढी वर घ्या, आन् कपाटातले बायकांचे ब्लाऊज. मी म्हणलं, व्हय, घेतो.

घरी आलो तवा बोळात घोट्याएवढं पाणी. आईनं घरातलं एकूण एक भांडं नळाखाली लावलेलं. मला बघून म्हणली, ज्ञानू, नळ बारीक झालाय, बंद व्हायच्या आत हे माडीवर चढव. आन् सर, मी तेच केलं. मी, ज्येचा धंदा लोकांचं सामान उचलायचा, मी बादल्या उचलल्या. एक बादली, दुसरी, घागर, मंग बॅरल वर नेऊन त्यात ओतत बसलो. एक थेंब सांडू दिला न्हाई. मशिनचं लोखंडी स्टँड जड, म्हणलं ते शेवटी. नुसती वरची मुंडी सोडवून नेली असती तरी भागलं असतं, पर ते तवा सुचलं न्हाई. हातच तिकडं गेलं न्हाईत. खाली आलो तवा लाइट गेलेली, मांडीएवढं गढूळ पाणी, मशिन त्यात, आन् कपाट आडवं झालेलं.

पाणी निळ्या रेघेच्या वर वीतभर चढलं. आमी माडीवर. आजूबाजूची माणसंबी वरच अडकलेली, नळ बंद, आडात नदीच शिरलेली. समोरच्या वहिनींनी खिडकीतनं दोरीला कळशी बांधून सोडली, आजी, लेकराला प्यायला द्या. आईनं दिलं. मंग ह्या बाजूनं, त्या बाजूनं, होडी येईस्तवर बोळानं आमचं पाणी प्यालं. लोक अजून आईला नमस्कार करत्यात. मला करू नका म्हणतो. कारण पाणी ओसरल्यावर शालन आली, चिखलातनं एक एक ब्लाऊज उचलून झटकून बघत ऱ्हायली, गौरी-गणपतीचं काम होतं, आन् मशिनवर हात ठेवून म्हणली, मी एकच गोष्ट मागितली होती. आई म्हणली, शालन, माझं चुकलं, मीच त्याला पाण्याला लावला. शालन म्हणली, आत्या, तुम्हाला सांगितलं नव्हतं, ह्यांना सांगितलं होतं. आन् गेली भावाकडं.

संपत आला. म्हणला, दाजी, आता तरी विका, रेघ पुसा, रंग द्या, कुणीतरी भेटंल. मी त्येच्यासमोर निळ्या रंगाचा डबा उघडला आन् काकांच्या रेघेच्या वर, जिथवर ओल होती तिथं, दुसरी रेघ मारली. म्हणलं, हे घर माझं हाय. चूक माझी झाली, घराची न्हाई. तुझ्या बहिणीची मी माफी मागतो, रोज मागतो, पर घर विकून मागणार न्हाई. ती न्हाई आली तरी दार उघडं हाय.

लय दिवस गेलं. टेंपोचं काम करत होतो, संध्याकाळी खरवडून खरवडून भिंतीतला चिखल काढत होतो. दर आठवड्याला विश्रामबागला जायाचो, शालन चहा द्यायची, बोलायची न्हाई. एक दिवस मीच बोललो. म्हणलं, माडीच्या तुळईला कप्पी लावलीय, दोर बांधलाय, एक माणूस बी मशिन वर ओढून घेईल. ती म्हणली, कुठली मशिन? मी म्हणलं, जी तू पसंत करशील ती. टेंपो घेऊन आलोय.

ती उठली. दोघं जाऊन मशिन घेतली. तिची पिशवी घ्यायला परत आलो तवा संपत गॅलरीतनं बघत होता, खाली येऊन टेंपोतलं स्टँड बांधायला हात लावला. घरी आल्यावर शालननं मशिन खाली ठेवू दिली न्हाई. कप्पीनं वर ओढायला लावली, पुन्हा खाली सोडायला लावली, पुन्हा वर. घामाघूम झालो. मंग म्हणली, बास, जमतंय. पुढच्या टायमाला आधी हे. पाणी मंग.

तो ऐका आवाज, ती मशिनवर बसलीय आता. पुन्हा पूर येईल का म्हणता? येईल की. नदी काय माझ्यासाठी गाव बदलणार न्हाई, आन् मीबी तिच्यासाठी बदलणार न्हाई. लोक म्हणू देत.

उठू नका, थांबा. आई पाणी आणतीय. भरून देती ती आता, काठोकाठ. हातावर सांडलं तर सांडू द्या.