न्हाव्याला मिळाली खाऊगाडी

नाही, मला एक सांगा, दाढी करणाऱ्या माणसाला तळणीची कढई बसवायला भोक कशाला लागतं हो? ... हलू नका, मान सरळ. तुमच्यानंतर हे चष्मेवाले, मग त्यांच्या मागचे, बसा सगळे, घर आपलंच आहे, त्या उशा सारा बाजूला. तर भोक! चांगलं एवढं गोल भोक, गाडीच्या बरोबर मध्ये!

आता योजना चांगली आहे हो, योजनेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. फुटपाथवर उन्हात धंदा करणाऱ्या प्रत्येक गरिबाला सरकारनं नवी कोरी गाडी द्यायची, वर छप्पर, खाली चाकं, आणि तीही फुकट, ह्यात वाईट काय आहे? ज्याला कुणाला वर बसून हे सुचलं ना, त्याच्या पोटात माया असणार. फक्त सुचलं तेव्हा त्याला भूक लागलेली असणार! खिडकीतून खाली पाहिलं, तर फुटपाथवर जो तो खायचंच विकतोय. झालं! फुटपाथवरचा माणूस म्हणजे खायला घालणारा माणूस, द्या सगळ्यांना खाऊगाड्या!

मी गेलो ना ऑफिसात. म्हटलं, दादा, मी न्हावी. खिडकीतला कारकून भला माणूस, खोटं कशाला बोलू, माझंच गिऱ्हाईक. म्हणाला, ‘मामा, मला दिसतंय की. पण वरून एकच नमुना मंजूर झालाय.’ बरं. मग माझ्या शेजारचा चहावाला, तो हो, लंबू, त्याची पाळी येईपर्यंत गाड्याच संपल्या, तो अजून विटांवर स्टोव्ह मांडून बसलाय, त्याला देऊ का ही? तर म्हणाला, दिली तर दोघांवर गुन्हा. बरं, मग परत घ्या. परत घ्यायचा हुकूम आलेला नाही. बरं बाबा, गाडी राहू दे घरी, मी आपला माझ्या खुर्चीवर... ‘मामा, ते मात्र करू नका. ज्याला गाडी मिळाली, त्याचा गाडीशिवाय फुटपाथवर धंदा दिसला की जागा गेली.’

जागा गेली! अहो, त्या कोपऱ्यावर माझ्या वडिलांनी खुर्ची मांडली, हीच, तुम्ही बसलाय ती. कोपरा गेला तर मी काय, वस्तरा घेऊन दारोदार ओरडत फिरू? ह्या गुडघ्यांनी?

मग खुर्ची आली घरी आणि गाडी गेली कोपऱ्यावर. आता नियम असा, की गाडीबाहेर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, स्टूल नाही, बाकडं नाही. मग गिऱ्हाईक बसवू कुठं? ... भोकात! अहो, हसू नका, वस्तरा लागेल! भोकातच बसवलं एकेकाला. वर गिऱ्हाईक पाय हलवतंय, खाली मी टाचा उंचावून उभा. छप्पर इतकं खाली की उंच माणसाची मान आपोआप वाकायची, तेवढी एक सोय झाली म्हणा. एक गलेलठ्ठ दुकानदार तर असा रुतला, मी पुढून ओढतोय, लंबू चहा सोडून खालून ढकलतोय, आणि रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून विचारते, ‘आज ताजं काय आहे?’

आमची ही म्हणाली, अहो, एवढी गाडी दिलीय तर दोन पदार्थ तळून विका. मी! मला अंडं उकडता येत नाही! पण योजना चांगली आहे हो, माझं काही म्हणणं नाही.

आणि एक दिवस आले साहेब. खाण्याच्या गाड्यांची स्वच्छता तपासणारे. तेही चांगलंच की, लोकांच्या पोटात घाण जाऊ नये! साहेबांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, हनुवटीवरून हात फिरवला आणि विचारलं, दाढी करता का? म्हटलं, चढा ना साहेब! चढले, बसले, आणि मी त्यांची अशी दाढी केली, अशी केली, मिशी कोरली, कानावरचे केस उडवले, मान चोळून दिली, मनात म्हणतोय, साहेब खूश तर कोपरा शाबूत. साहेब उतरले, आरशात बघून ‘वा’ म्हणाले. मग गाडीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट धरलं माझ्या नाकासमोर. बोटावर केस. पांढरा.

‘हे काय?’

‘साहेब, तो तुमचाच आहे.’

‘कुणाचाही असो. खाण्याच्या गाडीवर केस चालत नाही.’

म्हटलं, साहेब, इथं कुणी खात नाही हो, मी न्हावी आहे! तर ते खरंच हळहळले. म्हणाले, न्हाव्यांना तपासायचा अधिकार मला नाही, असता तर तुम्हाला पैकीच्या पैकी दिले असते. आणि गाडीला सील ठोकलं! जागच्या जागी! सील लागलेली गाडी हलवायची नाही, वापरायची नाही. म्हणजे कोपरा माझा, गाडी माझी, आणि मी इथं, बायकोच्या चुलीपासून दोन हातांवर तुमचे केस कापतोय. वर कारकून सांगून गेला, ‘मामा, गाडी फार दिवस वापरली नाही ना, तर जागा रद्द होते.’ काय करू? झोप लागत नाही मला. रात्र रात्र ह्या खुर्चीत बसून असतो. आणि कधी नव्हे ते आता आमच्या जेवणात खरंच केस निघतो! ही रोज बोट धरते माझ्या नाकासमोर!

आणि ऐका, ऐका, झालंच तुमचं. परवा कोण यावं? तेच साहेब! म्हणाले, दाढी तुमच्याच हातची हवी. बसले ह्या खुर्चीत, मान मागे टाकली, डोळे मिटले. मी गालांना साबण लावला, वस्तरा परजला. तर म्हणतात, ‘आत्ता तुमच्या कोपऱ्यावरून आलो. गाडी नुसती धूळ खातेय. ह्याचंच वाईट वाटतं बघा. सरकार एवढं देतं, पण लोकांना वापरायचं कळत नाही.’

वस्तरा माझ्या हातात. साहेबांचा गळा समोर. चुलीपाशी ही उठून उभी राहिली, आता हा माणूस काय करतो म्हणून. वडील सांगायचे, बाळा, हातात वस्तरा असताना न्हाव्यानं वाद घालू नये.

म्हटलं, ‘साहेब, योजना चांगली आहे. मान जरा वर करा.’