गोजराकाकूंची खूण

मंडळी, एक विचारू? खरं सांगायचं हां! शेजारणीची वाटी आपल्या घरी आली, की किती दिवस राहते? — हसू नका! पहिल्या रांगेतल्या काकू बघा, एकदम खाली बघायला लागल्या!

जी वस्तू आपली नाही, कधीतरी परत जायचीच आहे, तिला जीव लावावा का? लावला, तर सोडताना तुटतो. नाही लावला, तर... सांगा की! गप्प का?

आणिले उसने । आपुले न होय ।
तरी जपू काय । सांग देवा ॥

संतांच्या गाथेत शोधू नका, हे माझंच आहे. म्हणून तर चाल लंगडते!

तर ऐका. गाव मिरज. माणूस सखाहरी परीट, साठीचा. गावातल्या घरांचे कपडे आणि बाळंतिणींच्या एका दवाखान्याच्या चादरी, दुपटी धुवायचा. बायको गोजराकाकू. आता परटाचं काम म्हणजे काय हो? जन्मभर दुसऱ्याचे कपडे! धुवा, वाळवा, घडी घाला — आणि परत! म्हणून मग खूण. बिब्ब्याचा रस सुईच्या टोकावर घ्यायचा, कापडाच्या कोपऱ्यात ठिपके द्यायचे. ज्याची त्याची खूण वेगळी. कापड विरतं, बिब्बा निघत नाही! काकूंना साडेतीनशे घरांच्या खुणा तोंडपाठ. आणि आपल्याला? सुनेचा वाढदिवस आठवत नाही!

सखाहरीचे गुडघे गेले. सायकल सुटली. विजेवर चालणारी छोटी व्हॅन घेतली. गाडी स्वतःची, बॅटरी मात्र भाड्याची!

सखाहरी म्हणतो, "म्हंजे बैल माझा आणि त्याचं पोट भाड्यानं?"

बॅटरीच्या स्टेशनावर नसीमा नावाची मुलगी. ती हसली. "मामा, घरी चार्ज करा, सहा तास लागतील. न्हाईतर रिकामी इथं द्या, भरलेली न्या. दोन मिनिटं!"

"परत हीच मिळंल न्हवं?"

"जी भरलेली असंल ती."

सखाहरीचा चेहरा पडला. काकू मात्र बॅटरीशेजारी बसल्या. उचलायला तिला जाड कापडी पट्टा होता. काकूंनी कनवटीचा बिब्बा काढला. पट्ट्यावर तीन ठिपके, खाली आडवी रेघ!

"अगं, ती आपली न्हाई!"

"आपली न्हाई म्हणूनच खूण करायची. आपल्या कापडाला कुणी खूण करतं व्हय?"

वा! — थांबा, टाळ्या नकोत अजून.

तीन महिन्यांनी गोजराकाकू गेल्या.

मृदंग थांबवा हो. इथं दोन ओळी गायच्या ठरवलं होतं. ...नाही गात. पुढे जाऊ.

मग सखाहरीनं काय केलं? बॅटरी बदलणंच सोडलं! ते तीन ठिपके दुसऱ्याच्या हाती द्यायचे? छे! सहा तास घरी चार्जिंग. गाडी अंगणात उभी, धुतलेली दुपटी गाडीत तशीच. आज उशीर, उद्या उशीर. एके सकाळी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर, सालोमीबाई, दारात उभ्या. रागावल्या का? नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "सखाहरी, काल नुकतं जन्मलेलं लेकरू मी माझ्या पदरात गुंडाळलं. दुपटंच नव्हतं."

एवढंच बोलल्या. आणि हो, पदर सावरला.

दुसऱ्या दिवशी तो अर्धवट चार्जिंगवरच दुपटी भरून निघाला. अर्ध्या वाटेत बॅटरी संपत आली! समोर स्टेशन. घरी फिरलं तर सहा तास. इथं दोन मिनिटं. सखाहरी गाडीतून उतरेना! नसीमानं ओळखलं. कात्री घेऊन आली.

"मामा, पट्टा कापून देऊ? दुसरा लावते. काकूंची खूण तुमच्यापाशी राहील."

आता तुम्ही सांगा, कापावा का? — मागून कोण म्हणालं 'कापावा'? मलाही तसंच वाटलं होतं, बाबा!

सखाहरीनं कात्री बघितली. पट्टा बघितला. म्हणाला, "पोरी, परटानं खूण कापली तर कापड हरवतं." आणि स्वतःच्या हातानं बॅटरी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. भरलेली घेतली. दुपटी पोचली. वाटेत रडला का? ते मला ठाऊक नाही. चष्मा पुसला, एवढं नसीमानं बघितलं.

आठ महिने गेले. रोज नवी बॅटरी, कोरा पट्टा. आणि एका सकाळी नसीमा लांबूनच ओरडली, "मामा! धावत या!"

तीन ठिपके. खाली रेघ. तीच! पण एकटी नव्हती हो! शेजारी हळदकुंकवाचं बोट. त्यापुढे हिरव्या दोऱ्याची गाठ. खाली एक बारीक शिंपला शिवलेला!

"हे कुणी केलं गं?"

"ज्याच्या ज्याच्या गाडीत गेली, त्यानं त्यानं! कुंकू फुलवालीचं, दोरा बांगडीवाल्या चाचांचा. शिंपला कुणाचा, देव जाणे! काकूंची खूण बघून त्यांना वाटलं, अशी रीतच आहे. चाचा म्हणतात, ही बॅटरी आली की मी खड्ड्यात गाडी हळू घालतो. कुणाच्या तरी घरची हाय ती."

सखाहरी दिवसभर त्याच बॅटरीवर फिरला. दिवेलागणीआधी परत आणली. पट्टा साबणानं धुतलेला, कुंकवाचं बोट तेवढं कोरडं ठेवलेलं!

"राहू दे की मामा दोन दिवस!"

"नको. उद्या फुलवालीला लागंल."

मंडळी, आता तुम्ही वाट बघताय — बुवा म्हणणार, हा देहसुद्धा भाड्याचा! नाही म्हणत. ते तुम्हाला पाठ आहे, तरी घरी जाऊन काही फरक पडत नाही! मी आपला वाटीवरच राहतो. कुणाची आहे, आठवा. घासा. रिकामी देऊ नका, चिमूटभर साखर घाला. उद्या नको, आजच —

अहो पहिल्या रांगेतल्या काकू! आरती व्हायचीय अजून, निघालात कुठं?

...बरं, बरं. जा. आम्ही थांबतो.