काळ्या गाडीसाठी कोणता पॅड?

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टॅक्सीचालक संस्थेचे प्रमुख माननीय ओक्तावियो एनाओ साहेब, व्यासपीठावर विराजमान आदरणीय फादर हिल्दार्दो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गाड्यांचे पॉलिशवाले उस्ताद अर्खेमीरो लोआइसा, त्यांच्या सौभाग्यवती मेलिदाबाई, आणि बाहेरच्या उतारावर चाकांखाली दगड लावून आत आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मला बोलायला उभं केलंत, हा माझा मान समजते. उस्तादांच्या गॅरेजसमोर माझं रंगसाहित्याचं दुकान आहे. त्यांना पॉलिशच्या मशीनला लावायचे फोमचे पॅड विकणारी बाई मी. आणि खरं सांगू का, इतकं त्रासदायक गिऱ्हाईक दुसरं नाही! इतर लोक येतात, "रुबिएलाबाई, एक नारिंगी द्या," म्हणतात आणि जातात. उस्ताद यायचे आणि प्रत्येक पॅड अंगठ्यानं दाबून बघायचे. फोम किती लवकर फुगून वर येतो ते बघायचे. मी म्हणायचे, "उस्ताद, पाव विकत घेताय का?" ते म्हणायचे, "बाई, रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी कडक, दुसऱ्याचा मध्यम. गाडीला नारिंगी कळत नाही, दाब कळतो."

त्यांचा नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आधी सर्वांत मऊ पॅड, तोही कोपऱ्यात हातभर जागेवर. तेवढ्यानं भागलं नाही तरच पुढचा. पॅड तापला, चिकटला की बदलायचा. आणि पत्र्याच्या उठावाच्या कडांवर चिकटपट्टी, कारण तिथे रंग सर्वांत पातळ. हे ऐकायला सोपं आहे. पाळायला किती अवघड, ते मी एका रविवारी पाहिलं. लिबार्दोभाऊ आणि फाबिओभाऊ इथे बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे.

या दोघांच्या वडिलांची काळी लांबनाकी गाडी कुणाला माहीत नाही? या सभागृहातल्या निम्म्या बायका त्याच गाडीतून लग्नाला गेल्या. वडील वारले आणि गाडी दोघांची झाली. मग रुईस ज्वालामुखीनं गावावर राख टाकली. थोरल्या लिबार्दोभाऊंच्या मुलीचं, युलिआनाचं, लग्न तोंडावर आलेलं. त्यांनी घाईघाईनं कोरड्या फडक्यानं गाडी पुसली. राख म्हणजे बारीक काचच. सगळ्या टपावर, बॉनेटवर गोल गोल ओरखडे उठले. धाकट्या फाबिओभाऊंनी येऊन पाहिलं आणि ते तसेच घरी निघून गेले. भावांचं बोलणंच थांबलं.

गाडी उस्तादांकडे आली. लिबार्दोभाऊंचा एकच धोशा. "उस्ताद, एकही ओरखडा राहता कामा नये. कडक पॅड लावा."

उस्तादांनी कोपऱ्यात मऊ पॅड फिरवून दाखवला. पॅड काळा झाला. "बघा," ते म्हणाले, "जुना रंग आहे, वर पारदर्शक थर नाही. मऊ पॅडनंसुद्धा रंगच निघतो. तुमच्या वडिलांनी इतकी वर्षं घासून घासून आधीच पातळ केलाय. कडक पॅड लावला तर ओरखडे जातील, पण त्यांच्याबरोबर रंगही जाईल."

"मग ओरखडे राहणार?"

"उन्हात दिसतील. सावलीत नाही."

लिबार्दोभाऊंना ते पटलं नव्हतं.

तो रविवार होता. मेलिदाबाईंनी कोंबडीचा सानकोचो, आपला रविवारचा दाट रस्सा, केला होता, म्हणून मी वरच्या मजल्यावर जेवायला होते. उस्ताद लिबार्दोभाऊंना म्हणाले, "चला, चार घास खाऊ." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी गाडीपाशी बसतो." आम्ही जेवायला बसलो आणि खालून मशीनचा आवाज आला. उस्तादांनी चमचा खाली ठेवला. या माणसाला मी जिन्यावरून धावताना तेव्हाच पाहिलं.

लिबार्दोभाऊंनी कडक पॅड लावून बॉनेटच्या मधल्या उठावावर मशीन टेकवलं होतं. चिकटपट्टी नाही, काही नाही. रंग उडून खालचा विटकरी अस्तर-रंग दिसत होता. लिबार्दोभाऊ मशीन हातात धरून तसेच उभे. आणि नेमके त्याच वेळी फाबिओभाऊ दारात.

"हे कुणी केलं?"

उस्ताद म्हणाले, "गॅरेज माझं, मशीन माझं. मलाच विचारा."

"राहू द्या, उस्ताद," लिबार्दोभाऊ म्हणाले. "फाबिओ, मी केलं. ओरखडेही माझेच होते, हेही माझंच. बाबा असते तर माझ्यावर ओरडले असते आणि संध्याकाळी ताटावर बसवलं असतं. तू तर ओरडतही नाहीस."

मग फाबिओभाऊ ओरडले. मंडळी, मेलिदाबाई खिडकीतून वाकून बघायला लागल्या, इतके ओरडले. "राख कोरडी पुसतात का, दादा? आणि राखेचं सोड. बाबांचा दवाखाना तू ठरवलास. शवपेटी तू ठरवलीस. मला फक्त निरोप पाठवलास, अमक्या वेळी येऊन उभा राहा. मी कोण होतो?"

"तू नुसता रडत होतास. तुला काय विचारणार?"

"तेव्हाच विचारायचं होतं."

उस्ताद कोपऱ्यात पॅडवरचा मळ ब्रशनं काढत राहिले, जणू भांडण त्यांच्या कानांवर पडतच नव्हतं. मेलिदाबाई गुळाचं गरम आग्वापानेला आणि चीज घेऊन खाली आल्या. प्यायलो सगळे, उभ्याउभ्याच.

मग उस्तादांनी तीन पॅड बॉनेटवर मांडले. कडक, मध्यम, मऊ. "गाडी तुमची," म्हणाले. "तुम्ही ठरवा."

फाबिओभाऊंनी तिन्ही दाबून पाहिले. मग थोरल्याकडे वळून विचारलं, "दादा, तुझं काय म्हणणं?"

"मऊ," लिबार्दोभाऊ म्हणाले. "तुझं?"

"मऊच."

उस्तादांनी कडांवर चिकटपट्टी लावली आणि कामाला लागले.

युलिआना त्याच गाडीतून लग्नाला गेली. चालवायला काका, शेजारी बाप. उडालेल्या जागी ब्रशनं रंग भरला होता, तो जवळून ओळखू येत होता. उन्हात ओरखडेही दिसत होते. वऱ्हाडातल्या कुणीतरी ते बोलूनही दाखवलं. दोघा भावांनी ऐकून घेतलं.

आता उस्ताद लेकीकडे सांता मार्ताला, समुद्रकाठी राहायला चालले. मेलिदाबाई, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं सांभाळलंत. लेकीच्या घरी जरा दुसऱ्यानं वाढलेलं जेवा. उस्ताद, उतारावरून खाली उतरताना आम्हाला आठवा, एवढंच.

संस्थेनं सभागृह दिलं, फादरांनी वेळ दिला, तुम्ही कान दिलेत. सगळ्यांची मी ऋणी आहे. दुकानातली बाई आहे, सभेत बोलायची सवय नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द टोचला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. आणि नाहीच सोडवलं, तर मनात ठेवू नका. दुकान उद्या उघडं आहे, येऊन माझ्यावर ओरडा.

नमस्कार.