उजूच्या कागदावरचा शब्द

हॅलो?… हो, कन्याशाळा, धुळे. कोण हवंय?… अगं बेबी! मीच बोलतेय, अक्का. शाळेत कसा फोन केलास?… हळू बोल. कुठून, चोपड्याच्या बूथवरून?… आधी रडणं थांबव. रडलीस की तुझं एक अक्षर कळत नाही मला.

कोण, उजू?… काय झालं उजूला?

हो… हो… म्हणजे बोलता बोलता मध्येच थांबते? डोळे उघडे, पण बघत नाही… आणि मग जिथं थांबली तिथूनच पुढं सुरू?… मारलं? वर्गातल्या बाईंनी? लक्ष नाही म्हणून?… अरे देवा. आठ वर्षांची पोर गं ती.

बरं, जळगावच्या डॉक्टरांना दाखवलंत, चांगलं केलंत. डोक्याला वायरी लावल्या… हो, तपासणी असते ती. दुखत नाही त्यात. मग काय म्हणाले?… गोळ्या दिल्या. गर्दी होती, जास्त बोलले नाहीत. मग आता रडतेस का?

काय लिहिलंय म्हणतेस?… इडियट? डॉक्टर असं कशाला लिहितील! कोणी वाचलं?… मगनभाऊंनी. तुझ्या दिरांनी. आणि सासूबाई काय म्हणतात… खुळ्या पोरीला शाळा कशाला?… उद्या नाव काढणार? उद्याच?

थांब. कागद आहे ना हातात? एकेक अक्षर वाच. घाई नको, कागदावर आहे तसं. … आय. डी. आय. ओ. … हो, पुढं? अजून आहे ना पुढं?… पी. ए. टी. एच. … आय, सी. अगं, हा इडियट नाही! इडिओपॅथिक आहे हे!… नाही गं, मलाही नेमकं सांगता येणार नाही. फोन ठेवू नको. भिकनभाऊ, लायब्ररीतली ती जाडी डिक्शनरी आणून देता का? लाल पाठीची. … हो बेबी, आहे मी. आहे इथंच.

हं, द्या. आय… आय, डी… सापडला. मी मुलींना सांगते, अर्थाआधी कंसात बघा, तिथं शब्दाचं माहेर दिलेलं असतं. याचं माहेर ग्रीक. 'इडिओस' म्हणजे स्वतःचं, आपलं आपलं. 'पॅथॉस' म्हणजे दुखणं. आपलं आपण उपजलेलं दुखणं. … अगं ऐक ना, अर्थ दिलाय पुढं. ज्याचं कारण सापडत नाही, असं.

… हो, इडियटही त्याच घरचा. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पूर्वी तो म्हणजे नुसता आपल्यापुरतं राहणारा माणूस. मग बिघडत बिघडत शिवी झाली. पण एका घरचे म्हणून काय सारखे असतात? आपण दोघी एका घरच्या, पण मला अजून केळीचा घड धड उतरवता येत नाही. … हसलीस. हां, बरं वाटलं.

त्याच्या पुढं काय आहे?… पी, ई, टी, आय, टी. एम, ए, एल. … पेटीट माल नाही गं, शेवटचा टी मुका. पती माल. … नाही, नाही! नवऱ्याचा काही संबंध नाही त्यात! फ्रेंच आहे ते. 'पती' म्हणजे लहान, 'माल' म्हणजे आजार. लहानसं दुखणं. … हो, आकडीच ती, लपवत नाही तुझ्यापासून. पण क्षणभराची, हातपाय न झाडणारी. आणि गोळी त्याचीच दिलीय ना?

काय?… परत सांग, कळलं नाही. … कशातून पडली होती?

तू कपाशी वेचताना… तान्ही उजू झोळीत… झोळीची गाठ सुटली… आणि हे आजवर कुणालाच नाही बोललीस? नवऱ्यालासुद्धा? अभिमनरावांनासुद्धा नाही?… इतकी वर्षं एकटीच…

बेबी. ऐक. अक्काचं ऐक. ते पडणं कारण असतं तर तपासणीत खूण दिसली असती, डॉक्टरांनी तसं लिहिलं असतं. पुढच्या खेपेला तुझ्या तोंडानं विचार त्यांना, न घाबरता. पण आज तुझ्या हातात जो कागद आहे, त्यात तुझी गाठ नाही. ग्रहण नाही. माहेरचं रक्त नाही. कुणाचं काही चुकलं म्हणून हे झालं, असं कुठंही लिहिलेलं नाही. … रड. आता रड. मी थांबते. … बठ्ठं बरं व्हई, बाई. सगळं बरं होईल. बठ्ठं बरं व्हई.

अभिमनराव कुठं आहेत? काचेबाहेर?… मग दार उघड आणि सांग त्यांना. आत्ताच सांग. मी धरते फोन. …

… काय म्हणाले?… शिकेल का ती? अगं, शिकेल म्हणावं! डोकं जागेवर आहे तिचं!… पाठ फिरवून उभे आहेत? राहू दे. तिकडे बघू नको तू. … नाव नाही काढायचं? स्वतः म्हणाले?… ऐक, देवाचा दोरा बांधायचा तर बांधा, सासूबाईंचं मन राहील. पण गोळी चुकवायची नाही. वर्गातल्या बाईंना हा कागद दाखव. आणि विहिरीकडे एकटी सोडू नको तिला. … हो, हो, येते मी रविवारी. मगनभाऊंना मीच सांगेन, गोडीनं.

उजू आहे ना तिथं? दे तिला.

हॅलो, उजू?… मावशी बोलतेय. काय करी राहिनी तू?… काचेवर नाक लावून बसलीस?… बकरी व्याली? दोन पिल्लं! … दोन्ही पाटी? दोघी मुलीच? वा! मग नावं ठेवलीस की नाही?… कपाळावर पांढरा ठिपका आहे… मग तिचं नाव काय ठेवलंस?

…

उजू?

…

भिकनभाऊ, घंटा नका देऊ. जरा थांबा.

… आहे मी, बाळा. इथंच आहे.

…

… काय? टिकली? किती छान नाव गं! … नाही, कुठं काय. ऐकतच होते मी. आणि दुसरीचं?… ते मी आल्यावर ठेवायचं? बरं. दोघी मिळून ठेवू. … आता आईला सांग, मावशीचा तास आहे, ती फोन ठेवतेय. … नाही राणी. आधी तू ठेव.